बारक्या पोरांच्या मॅचचा स्कोअर छापू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर दहा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉल स्पर्धेची बातमी होती. हेडिंगमध्येच अमुक शाळेने तमुक शाळेचा ९-० असा धुव्वा उडवला, खाली हॅटट्रिकवाल्याचं नाव, आणि शेवटी हरलेल्या शाळेचा बचाव 'अगदीच दुबळा' ठरला म्हणून एक शेरा. आता हा बचाव म्हणजे कोण, तर तिसरी-चौथीतली पोरं. सिनियर मॅचची बातमी तुम्ही अशी बिनधास्त लिहा, पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या आपल्या दोन संघांची मॅच असली की आम्ही कोल्हापूरकर सकाळी आधी तेच पान उघडतो. पण नऊ वर्षांच्या पोराला शाळेत वर्गात पेपर दाखवून चिडवतात हो, आणि मग ते पोरगं सोमवारी ग्राउंडवर येत नाही. मी पेठेतल्या एका संघातून खेळलोय आणि आता संध्याकाळी बारक्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हे रोजचं बघतोय म्हणून लिहितोय.

ती मॅच मी बघायला होतो. मोठं पूर्ण ग्राउंड, अकरा-अकरा पोरं, मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल आणि मोठ्यांचाच गोलपोस्ट. हा पोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, म्हणजे २४ फूट बाय ८ फूट, आणि मध्ये उभा सव्वाचार फुटाचा गोलकीपर. समोरच्या टीममधल्या एका उंच पोराला कुणीतरी शिकवून ठेवलेलं, लांबून नुसता वर उचलून मार, की झाला गोल. नवातले बहुतेक गोल असेच गेले. तिकडं दुसऱ्या टोकाला जिंकणाऱ्या टीमचा एक बॅक, म्हणजे बचावातलं पोरगं, खाली बसून बुटाची लेस सोडायचा आणि परत बांधायचा, कारण त्याच्याकडं बॉल येतच नव्हता, आणि बाहेरून त्याचे सर ओरडत होते 'पोझिशन सोडू नको!' आता सांगा, ९-० ने जिंकलेल्या त्या पोराला तरी फुटबॉल कितीसा मिळाला.

बॉलचंच घ्या. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर. बारक्या पोरांचा तीन नंबरचा बॉल जवळजवळ शंभर ग्रॅमने हलका असतो, पोरांच्या पायात बसतो, तळव्याखाली घेऊन ओढता येतो, वळवता येतो. पाच नंबरला पोरगं फक्त टोच मारतं, दुसरं काही करूच शकत नाही, म्हणजे दुसरीतल्याला बुलेट दिल्यासारखं, किक मारण्यातच सगळा जीव जातो. आणि हेडिंगचं, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचं, तर बोलायलाच नको, अमेरिकेत २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडने २०२० मध्ये अकरा वर्षांच्या आतल्यांच्या सरावातून काढलं, आणि आपल्याकडं अजून उन्हाळी शिबिरात सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बॉल फेकून 'घाबरतोस काय रे' चालू आहे.

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पेठेत जर्मनीचे पण कट्टर लोक आहेत, वर्ल्ड कपला कटआऊट लावणारे. चार वर्ल्ड कप जिंकलेला देश, २०१८ आणि २०२२ ला पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्यांनी बारक्या पोरांचा फुटबॉलच बदलून टाकला, २०२४-२५ च्या सीझनपासून सगळीकडं सक्तीचा. सर्वात लहान गटात दोन विरुद्ध दोन नाहीतर तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, गोलकीपरच नाही. शेजारी शेजारी छोटी छोटी ग्राउंडं आखायची, जिंकलेली टीम एक ग्राउंड वर सरकते, हरलेली एक खाली, त्यामुळं दोन-तीन मॅचनंतर आपोआप बरोबरीची पोरं समोरासमोर येतात आणि ९-० होतच नाही. आणि बारक्या गटांना पॉइंट टेबल नाही. तिथंही ओरडा झालाच की असं केल्यानं पोरं मऊ पडतील. नॉर्वेत तर अकरा वर्षांच्या आत टेबल न ठेवायचा नियम कधीपासूनचा आहे, फक्त फुटबॉल नाही, सगळ्याच खेळांना.

लोक म्हणतात कॉम्पिटिशन नसेल तर प्लेयर कसा तयार होणार. अहो, पोरांना स्कोअर पाठ असतो, कुणी सांगायला लागत नाही, चार चपला मांडून खेळताना पण 'आमचे सात झाले' म्हणून भांडतात, तेवढी कॉम्पिटिशन त्यांना बास आहे. ट्रॉफी, टेबल आणि पेपरातला फोटो ही गरज सरांची आणि आईबापांची. आणि त्याच्यामुळं काय होतं बघा, ट्रॉफी पाहिजे म्हटल्यावर सर उंच आणि दांडगी पोरंच घेणार. एकाच गटात जानेवारीतलं पोरगं आणि डिसेंबरातलं पोरगं असतं, या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे सरासरी पाचेक सेंटीमीटर उंची. जगभर हे दिसून आलंय की लहान गटांच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त भरतात. डिसेंबरवाला बेंचवर, वर्षभर बेंचवर, मग क्रिकेटला नाहीतर मोबाईलला. तो कदाचित चौदाव्या वर्षी सगळ्यांच्या पुढं गेला असता पण तोपर्यंत थांबतोय कोण. (खोट्या जन्मदाखल्यांचा विषय काढतच नाही, त्याच्यावर वेगळं पत्र होईल.)

शिबिरांबद्दल पण जरा. एप्रिल-मे मध्ये पोस्टर लागतात, फी घेतात, आणि आत काय तर वीस पोरं एका रांगेत, पुढं एक बॉल, एकेकाने यायचं आणि शूट करायचं. पोराचा नंबर येतो, बॉल बाहेर जातो, तो आणायला तोच पळतो, परत रांगेत शेवटी. बाकीचा वेळ ग्राउंडला राऊंड. त्यापेक्षा प्रत्येकाला एक बॉल द्या, जुना असला तरी चालतो, एक चौकोन आखा आणि सांगा आपला बॉल सांभाळत दुसऱ्याचा बाहेर उडवायचा. दहा मिनिटात पोरं घामाघूम, मान वर करून बघायला शिकतात, अंगाआड बॉल लपवायला शिकतात, आणि लेक्चर शून्य. नंतर चार-चारच्या टीम, विटा ठेवून गोल. गोलकीपर असलाच तर दर पाच मिनिटाला बदलायचा, जाड पोराला कायमचा गोलात उभा करायचं बंद. आणि पालकांनो, कडक मातीवर सात वर्षांच्या पोराला महागडे स्टड नकोत, साधा कॅनव्हास बूट घ्या, आणि बाहेरून 'लांब मार, लांब मार' नको.

आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला तेव्हा अख्खं कोल्हापूर नाचलं. असा नाद असलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही, म्हणून तर वाईट वाटतं.

तर साहेब, विनंती एवढीच. दहा-अकरा वर्षांखालच्या मॅचचा स्कोअर आणि 'धुव्वा', 'दाणादाण' छापू नका, बातमी जरूर द्या, दोन्ही टीमचा एकत्र फोटो द्या, नावं द्यायची तर सगळ्यांची द्या. आणि आयोजक तुमचं पान वाचतात, त्यांना तुमच्याकडूनच सांगा की मोठं ग्राउंड आडवं वापरा, फक्की मारून त्यात चार छोटी ग्राउंडं सहज बसतात, एकदम चार मॅच चालतात, चुन्याचा खर्च किरकोळ, आणि तीन दिवसांची स्पर्धा एका रविवारी दुपारच्या जेवणाआधी उरकते.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर