टोपी गणवेशात बसत नाही!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत डाव्या पानावर 'गोव्याला निघालात? असा मिळवा सोनेरी टॅन' आणि उजव्या पानावर 'लिंबू-बेसनाने टॅन घालवा चुटकीसरशी'. दोन्ही मजकूर एकाच व्यक्तीने डोळ्यांखालून घातले असतील, तर त्यांच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

लिंबाचे आधी सांगतो, कारण आज सकाळीच आमच्या सोसायटीत त्याची चर्चा ऐकली. लिंबाच्या रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. रस अंगावर असताना ऊन लागले की कातडी भाजते, फोड येतात आणि काळपट डाग कित्येक आठवडे, कधी महिने जात नाहीत. आपल्या लेखिका तर 'लेप कोवळ्या उन्हात सुकू द्या' असे सांगतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पण माझा खरा राग डाव्या पानावर आहे. 'गोऱ्या, नाजूक त्वचेच्या मंडळींनी आधी आठवडाभर थोडे थोडे ऊन घ्यावे, त्वचा तयार होते, मग जळत नाही.' कुणाची तयार होते? टॅन म्हणजे उन्हाने इजा झाल्यावर त्वचेने केलेली धडपड. त्यातून मिळणारे संरक्षण फार तर एसपीएफ (सनस्क्रीन मलम उन्हापासून किती बचाव करते, त्याचा आकडा) ३-४ इतके. माझ्या नातीच्या नशिबी तेही नाही. तिला अल्बिनिझम आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी आहेत, पण त्यांना मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवता येत नाही, किंवा नगण्य बनते. ती सोनेरी होत नाही, लाल होते आणि सोलून निघते. वर शेजारणी म्हणणार, 'नशीबवान आहे हो, किती गोरी!'

गेल्या डिसेंबरात तिच्या शाळेचा (नाव लिहीत नाही, पोरीला अजून तिथेच शिकायचे आहे) क्रीडा सप्ताह होता. संचलनात तिचाही नंबर. आम्ही रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा शर्ट देऊन पाठवले, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पी.टी.च्या सरांनी टोपी काढायला लावली, कारण काय, तर ती गणवेशात नाही आणि रांग एकसारखी दिसत नाही. प्रमुख पाहुणे दहाला यायचे, ते साडेअकराला आले. तोवर मुले मैदानात उभी. पाहुण्यांना मांडव होता. शिवाय शाल, श्रीफळ आणि डोक्याला फेटा! म्हणजे डोके झाकण्याला शाळेचा तात्त्विक विरोध नाही, एवढे समजले.

रात्री पोरीला उशीला मान टेकवता येईना. कानांच्या पाळ्यांवर फोड. सनस्क्रीन लावले नव्हते का, असे विचारायचा मोह काहींना होईल. सकाळी सातला लावले होते. ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, रांगेत कोण लावून देणार? आणि आपल्या लेखात एसपीएफ ५० म्हणजे ३०च्या 'जवळजवळ दुप्पट ताकद' असे छापले आहे, तेही तपासा. प्रयोगशाळेत ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के अतिनील किरण अडवतो, ५० सुमारे ९८ टक्के. तेसुद्धा मलम भरपूर थापले तर. मोठ्या माणसाला अंगभर एकदा लावायला साधारण ३० मिलिलिटर लागते. दुकानात ट्यूब मिळते ५० ग्रॅमची. हिशेब करा आणि सांगा, रोज अंगभर कुणाला परवडेल! म्हणून तर टोपी आणि कापड आधी, मलम नंतर.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. उत्तर मिळाले, 'आजोबा, डिसेंबरात कसले ऊन? मुलांनी स्वेटर घातले होते.' हवा गार असली म्हणजे ऊन सौम्य, ही समजूत मुख्याध्यापिकाबाईंची एकट्यांची नाही, आपल्याही लेखात 'महाबळेश्वरला ही काळजी नको' असे वाक्य आहे. अहो, अतिनील किरण हवेच्या तापमानावर ठरत नाहीत. सूर्य किती वर आहे त्यावर ठरतात. उलट दर हजार मीटर उंचीला ते सुमारे १० टक्के वाढतात. विरळ ढग असले तरी बरेचसे खाली येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ झाला की अंग झाका. आपल्याकडे डिसेंबरातल्या निरभ्र दुपारीही तो त्याच्या कितीतरी वर असतो. आपण रोज पहिल्या पानावर कमाल-किमान तापमान, सूर्योदय, सूर्यास्त, राहुकाळ सगळे छापता. त्याच चौकटीत हा एक आकडा मावणार नाही?

ऑस्ट्रेलियात १९८१ पासून 'शर्ट चढवा, मलम लावा, टोपी घाला' ही मोहीम चालू आहे. तिथल्या अनेक शाळांत टोपी नसेल त्या मुलाला मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात. आपल्याकडे टोपी असेल तर रांगेत उभे करत नाहीत. आणि हो, डाव्या पानावर 'परदेशात टॅनिंग पार्लरही असतात' असे कौतुकाने लिहिले आहे. तिथे टॅनसाठी अतिनील दिव्यांच्या पलंगांवर झोपतात; त्या पलंगांना २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून तंबाखूच्याच गटात टाकले. ऑस्ट्रेलियाने तर असली पार्लर बंदच करून टाकली.

लवकरच पुन्हा डिसेंबर येईल. डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन ठेवली आहे. आपल्या वाचकांत शिक्षणाधिकारी असतील, तर 'वैद्यकीय कारणासाठी टोपी चालेल' अशा एका ओळीचे परिपत्रक काढायला त्यांना कुणाची मंजुरी लागते, ते कळवावे.

आपला,
एक आजोबा, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता.क. : अल्बिनिझममध्ये नजरही अधू असते. नात आपले शब्दकोडे भिंगातून सोडवते. गेल्या महिन्यापासून त्याचे चौकोन लहान का केलेत? वाचलेल्या जागेत गोरे करणाऱ्या क्रीमची जाहिरात आली आहे. ती तिला भिंगाशिवाय वाचता येते.