मधल्या ओळी

ब्रॅम्प्टन, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढं सगळं बोललीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून ठेवलं, त्याचा अर्थ आई चिडली असा काढू नकोस. बाबा शेजारी बसले होते, आणि ते मध्ये पडले की कुणाचंच बोलणं पुरं होत नाही. शिवाय अशा गोष्टी मला लिहूनच नीट सांगता येतात.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. बायोकेमिस्ट्रीच्या लॅब नेमक्या बर्फावरच्या सरावाच्या वेळेला येतात. कोच म्हणतात, जरा हलका विषय घे. आणि चार वर्षांनी प्रो लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात तिथे, उतरायचं तर आतापासूनच सगळा जीव आईस हॉकीत ओतायला हवा. पुरावा म्हणून तू मला खेळाडूंच्या कारकिर्दीच्या पानांची माळच पाठवलीस. ‘बघ, या सगळ्यांनी असंच केलं.’

ती पानं मी बघितली. आजचा रविवार त्यातच गेला, वरण दोनदा उतू गेलं. आणि तुला वाटतं तसं त्या पानांवर मला काही दिसलं नाही.

तुझे आजोबा तलाठी होते, ठाऊकच आहे तुला. सातबारा हातात आला की लोक आधी क्षेत्र किती ते बघतात. आजोबा आधी ‘इतर हक्क’ बघायचे: बोजा कुणाचा, कुळाचं नाव लागलंय का, फेरफार कधीचा. मीही ही पानं तशीच वाचली. गोल आणि असिस्टचे (दुसरीच्या गोलला केलेल्या मदतीचे) आकडे तुला पाठच आहेत. मी डावीकडचा रकाना वाचत गेले, कुठल्या वर्षी कुठला संघ आणि कुठली लीग.

मारी-फिलिप पुलाँचंच पान घे. तुझ्या खोलीच्या भिंतीवर तीच आहे. क्वेबेकमधल्या बोसव्हिलची मुलगी. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकला अठरा वर्षांची होती, आणि अंतिम सामन्यातले दोन्ही गोल तिचे. २०१४ ला सोची. साडेतीन मिनिटं उरलेली, कॅनडा ०-२ ने मागे. एक गोल परत आला. मग जास्तीची खेळाडू उतरवायला आपण गोलकीपर काढून घेतलेली असताना एका अमेरिकन मुलीनं लांबून सोडलेला पक, म्हणजे ती रबरी चकती, मोकळ्या जाळीकडे घरंगळत गेला आणि खांबाला लागून बाहेर आला. पंचावन्न सेकंद उरली असताना पुलाँनं बरोबरी केली आणि ओव्हरटाइममधला विजयी गोलही तिनंच मारला. पुढे २०१८ आणि २०२२ च्या अंतिम सामन्यांतही तिचे गोल आहेत. हे सगळं तू मला इतक्यांदा सांगितलंस की आता मीच भिशीत सांगते.

आता त्याच पानावर २०१९ ते २०२३ कुठल्या क्लबकडून किती सामने, ते बघ. तुझ्या भाषेत ‘प्राइम’ म्हणतात ती वर्षं, अठ्ठावीस ते बत्तीस. खऱ्या लीगचा एकही मोसम नाही. त्याच काळात, २०२१ मध्ये, कॅलगरीच्या विश्वस्पर्धेचा अंतिम सामना तिनं ओव्हरटाइममध्ये जिंकून दिला. पक आडव्या दांड्याखाली लागून इतक्या झटकन बाहेर आला की कुणाला कळलंच नाही. खेळ चालूच राहिला, मग भोंगा वाजला. म्हणजे जगातली सगळ्यात चांगली खेळाडू फॉर्मात होती आणि तिला रोज खेळायला लीग नव्हती.

ती का नव्हती, हे आपल्या गावातूनच सांगता येतं. ब्रॅम्प्टन थंडर नावाचा संघ इथलाच, तुला कळायला लागलं त्या वयात तो मार्कहॅमला गेला. जेना हेफर्ड कारकिर्दीचा मोठा भाग याच संघाकडून खेळली. पाच ऑलिंपिक, त्यांत चार सुवर्णं. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत दुसरा पिरियड संपायला एक सेकंद असताना तिनं मारलेला गोल शेवटी विजयी ठरला. एवढी मोठी खेळाडू ज्या लीगमध्ये खेळत होती ती कॅनेडियन लीग २००७ पासून चालू होती, आणि पहिली दहा वर्षं तिथे कुणाला पगारच नव्हता. २०१७ पासून मिळायला लागले ते वर्षाला दोन हजार ते दहा हजार डॉलर. दिवसा नोकरी, रात्री सराव, शनिवार-रविवारी सामने. २०१९ च्या मार्चमध्ये क्लार्कसन कपचा, म्हणजे त्या लीगच्या करंडकाचा, अंतिम सामना झाला आणि आठवड्याभरात, ३१ तारखेला, लीग बंद करत असल्याचं जाहीर झालं. त्या वेळी लीगची हंगामी कमिशनर कोण होती? हेफर्डच. पुढे खेळाडूंनी जी संघटना काढली तिची सूत्रं तिच्याकडे आली, आणि आज बायकांच्या नव्या लीगचा हॉकीचा कारभार तीच बघते. तिच्या पानावर यातलं काही नाही. २०१४ च्या पुढे काही लिहिलेलंच नाही, कारण खेळणं तिथे थांबलं.

तेव्हा अमेरिकेत दुसरी एक लीग होती. २०१५ ला पगार जाहीर करून सुरू झाली आणि दुसऱ्याच मोसमात पगार निम्म्यापर्यंत खाली आणले. म्हणून २०१९ च्या मे महिन्यात दोनशेच्या आसपास खेळाडूंनी सांगितलं की नीट लीग होईपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेत कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. चार वर्षं त्या गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळत फिरल्या. तू पाठवलेल्या पानांवर जी रिकामी जागा आहे ना, ती त्यांनी स्वतःच्या खेळण्याच्या वयातून दिलेली आहे. तुझ्यासाठी. १ जानेवारी २०२४ ला टोरोंटोत नव्या लीगचा पहिला सामना झाला तेव्हा तू टीव्हीसमोर उभी राहून रडलीस. मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं, आज ही पानं वाचताना कळलं.

नॅटली स्पूनरचं पान मी दोनदा वाचलं. २०२३ ची विश्वस्पर्धा इथे ब्रॅम्प्टनलाच झाली, आपण बघायला गेलो होतो. डिसेंबरमध्ये बाळंत झालेली बाई एप्रिलमध्ये बर्फावर होती! माझी आई असती तर तिनं आधी कान बांधायला लावले असते. पुढच्या वर्षी नव्या लीगचा पहिला मोसम: २४ सामने, २० गोल, सर्वोत्तम खेळाडूचा मान. आणि त्याच मे महिन्यात, मिनेसोटाविरुद्धच्या उपांत्य मालिकेत, गुडघ्याचं लिगामेंट गेलं. टोरोंटो २-० ने पुढे होतं, तरी मालिका हरलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ती घरी. वीस गोलांची ओळ आणि त्याखालची अर्धवट ओळ यांच्यामध्ये शस्त्रक्रिया, कुबड्या आणि लहान मूल आहे. पानावर त्याला रकाना नाही.

आता विकेनहायझर. हे पान तूच पाठवलंस, आणि माझ्या मते तुझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध पाठवलंस. सस्कॅचेवनमधल्या शॉनव्हन नावाच्या बारक्या गावची. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात. चार ऑलिंपिक सुवर्णं, देशाकडून २७६ सामने, ३७९ गुण (गोल आणि असिस्ट मिळून). मध्येच २००० साली सिडनीला सॉफ्टबॉलही खेळून आली. २००३ मध्ये फिनलंडमध्ये पुरुषांच्या खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळली आणि गोल करून दाखवला, त्याआधी पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत कुठल्या बाईनं केला नव्हता. हे झालं क्षेत्रफळ. पण खेळ चालू असतानाच ती कॅलगरीत शिकत होती. २०१७ ला निवृत्त झाली आणि २०२१ ला डॉक्टर झाली. आता टोरोंटो मेपल लीफ्स या पुरुषांच्या संघात सहायक जनरल मॅनेजर आहे. तिलाही लॅब होत्याच की गं.

गोलकीपर देबियाँचंही तसंच. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून ५५ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, हा अमेरिकेतल्या विद्यापीठ हॉकीचा विक्रम आहे. २०१८ च्या ऑलिंपिकनंतर ती खेळातून बाजूला झाली आणि अकाउंटिंगचं पुढचं शिक्षण घेतलं. मग परत येऊन २०२२ चं सुवर्ण जिंकलं. हिला कुणी सांगितलं नसेल का, की हलका विषय घे?

अँजेला जेम्सचं पान तू पाठवलं नाहीस, मीच शोधलं. टोरोंटोची. १९९० च्या पहिल्या विश्वस्पर्धेत पाच सामन्यांत अकरा गोल. ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी आली ती १९९८ ला, आणि त्या संघात तिला घेतलंच नाही. २०१० ला हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा दोन बायका घेतल्या, त्यांतली ती एक. पोटासाठी तिनं एका कॉलेजात क्रीडा विभागात नोकरी केली. मी स्वतः शिवाजी विद्यापीठाकडून खो-खो खेळले. आमच्यातल्या दोघींना रेल्वेत नोकरी लागली, बाकीच्यांची लग्नं लागली. आमची पानं कुणी बनवली नाहीत, त्यामुळे जेम्सचे तुटक तुटक आकडे बघून मला जरा भरूनच आलं. असो.

गुणांचंही एक बोलायचं आहे. तू डिफेन्सला खेळतेस आणि स्वतःच्या पानावर गोल नाहीत म्हणून रात्री ते उघडून बघत बसतेस, हे मला तुझ्या रूममेटकडून कळलं. (तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून विचारलं.) मॅनी मल्होत्राचं पान काढ. मिसिसॉगाचा, वडील पंजाबी. १९९८ ला सातव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा लोकांना वाटलं गोलांचा पाऊस पाडेल. एनएचएलमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ९९१ सामने खेळला आणि गोल फक्त ११६. मग हजाराच्या घरात सामने कुणी का खेळवले असतील त्याला? फेसऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तो) जिंकायला आणि आपला एक खेळाडू पेनल्टीत बसलेला असताना समोरच्यांना रोखायला. २०११ च्या मार्चमध्ये डाव्या डोळ्यावर पक बसला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आणि जूनमध्ये जाळीचं हेल्मेट घालून तो स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या करंडकाच्या, अंतिम मालिकेत उतरला. परवाच्या २०२५ मध्ये त्यानं ॲबट्सफर्डच्या संघाला प्रशिक्षक म्हणून काल्डर कप, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगचा करंडक, जिंकून दिला, आणि त्या संघात अर्शदीप बैन्स होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. आपल्या गल्लीतली पंजाबी पोरं त्याचं नाव पाठीवर घालून फिरतात.

आता पैशाचं, कारण ते तुझे बाबा विचारणारच. एनएचएलमध्ये या वर्षी सगळ्यात कमी पगार पावणेआठ लाख डॉलर आहे. तुझ्या लीगच्या पहिल्या मोसमात तोच आकडा ३५ हजार होता. संघातल्या निदान सहा जणींना ८० हजार किंवा त्याहून जास्त मिळतात, आणि त्या सहांत पहिल्या वर्षीच तुझं नाव असेल असं मी आई असूनही म्हणणार नाही. ३५ हजारांत टोरोंटोतल्या बेसमेंटचं भाडं भरून उरलेले ब्रॅम्प्टनच्या गाडीचा इन्शुरन्स खाऊन टाकेल. लीग चांगली आहे, मागे पैसेवाले भक्कम आहेत, या मोसमापासून संघ सहाचे आठ झालेत. टिकेल असं मलाही वाटतं. पण जिच्या तिसऱ्या मोसमाला या आठवड्यात सुरुवात होते आहे, तिच्या भरवशावर मी तुला बायोकेमिस्ट्री सोडू देणार नाही.

मी तुला हॉकी सोड म्हणतेय असं मात्र बाबांना सांगू नकोस, कारण ते खूश होतील. पहाटे साडेपाचला तुला रिंकवर सोडून, त्या बॅगेचा वास वर्षानुवर्षं गाडीत सोसून, आता मागे फिरायला मी वेडी नाही. बहुतेक जणी चारही वर्षं विद्यापीठाकडून खेळून मगच ड्राफ्टला उतरतात, तूही उतर. निवड नाही झाली तर स्वीडनला जा, मी तिकीट काढते. पण डिग्री बायोकेमिस्ट्रीचीच.

तेव्हा कामाचं सांगते. विषय बदलायचा फॉर्म भरू नकोस. उद्या सल्लागार बाईंची वेळ घे आणि दोन गोष्टी विचार: लॅबची संध्याकाळची तुकडी असते का, आणि उन्हाळ्यात इथल्या विद्यापीठात लॅब केली तर तिचं क्रेडिट तिकडे धरतात का. धरत असतील तर फी मी भरते. बाबांशी त्याचं बोलणं झालंय, ते फक्त ‘हं’ म्हणाले, म्हणजे हो. कोचना काय सांगायचं ते तुझं तू बघ. तरी हवं तर विकेनहायझरचं पान त्यांनाही पाठव.

दिवाळीच्या चकल्या संपल्या, पण शेव आणि शंकरपाळे ठेवलेत. तिकडच्या, अमेरिकन थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा ने. आणि येताना ते लहान झालेले शिन पॅड घेऊन ये, मागच्या गल्लीतली एक मुलगी हॉकीला जायला लागलीय, तिला होतील.

तुझी,
आई