मेल पाठवला नाहीस ना?

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर माझा आवाज चढला. राग तुझ्यावर नव्हता. नंतर झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

परवा आलेल्या मुलाला तुझ्यापेक्षा जास्त पगार, आणि त्याला काम शिकवायचं तू. पोटात आग पडणारच. महिन्यापूर्वी हाच पगार तुला बरा वाटत होता. पगार तोच आहे, शेजाऱ्याचं पाकीट दिसलं एवढंच. पण तू चूक आहेस असं मी म्हणत नाही. फक्त राजीनामा देऊ नकोस.

आबांचंही असंच झालं होतं. लालबागला आपल्या शेजारचे काका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी तिकडे घसघशीत वाढ मिळवून दिली. आबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आठ तास उभे, भुवयांत कापसाची तूस, आणि पाकीट काकांपुढे हलकं. बदलीवाल्यांचे हाल तर त्याहून वाईट, रोज गेटवर उभं राहायचं, काम मिळेल तेव्हा मिळेल. शेवटी गिरणी कामगारांनी सामंतांनाच गळ घातली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. तो संप मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलं नाही. आबांना गिरणीने परत घेतलं नाही. मागणी रास्त होती गं, अगदी रास्त. मी दहावीत होतो. आजीचा तांब्याचा हंडा विकायला मीच नेला. काठावर तिचं नाव कोरलेलं, ते तळहाताने झाकून चाळीचा जिना उतरलो.

म्हणून दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय सोडू नकोस. आणि ‘आता पगाराएवढंच काम करीन’ म्हणालीस, ते मला जास्त लागलं. एकदा हात आखडला की तो आखडतोच, मग चांगल्या जागीही... लागलो बघ भाषण द्यायला. माफ कर. तुला कळतं सगळं.

साहेबांकडे मात्र जा. चार वर्षांत काय काय केलंस ते लिहून ने. पाडव्याला मला ओवाळता ओवाळता तुला फोन आला, तू लॅपटॉप उघडून बसलीस आणि निरांजन विझलं, तेही लिही. मी तेव्हा बोललो नाही, पण मनातून फुललो होतो. त्या मुलावर राग धरू नकोस, त्याने दिलं ते घेतलं.

आईने कुळीथ पीठ काढून ठेवलंय. शनिवारी ये.

राजीनाम्याचा मेल टाइप करून ठेवलाय म्हणालीस. तो अजून पाठवला नाहीस ना? एवढं आजच कळव.

तुझा,
बाबा