सगळे झोपलेत, तू सोडून

प्रिय बाळ्या,

रविवारी तू फोन आपटलास की रेंज गेली हे मला अजून कळलेलं नाही. बाबांच्या मते रेंज गेली, पण बाबांच्या मते दरवेळी रेंजच जाते. म्हणून लिहितेय. फोनवर मी तोंड उघडलं की तू "आई, परत चुका काढू नकोस" म्हणतोस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं. इथे मध्ये तोडणारं कोणी नाही, तेव्हा 'पॅसेंजर्स'बद्दल माझं काय म्हणणं आहे ते एकदाच सगळं सांगून टाकते. तुझ्या झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, तसं बाबांना कबूल केलंय.

तर पॅसेंजर्स. २०१६ चा सिनेमा, ५००० माणसं अंतराळातल्या १२० वर्षांच्या प्रवासाला पेट्यांमध्ये झोपवून पाठवलेली, त्यातल्या एका मेकॅनिकची पेटी बिघडते आणि तो ९० वर्षं आधीच जागा होतो. इथपर्यंत मी जागची हलले नव्हते, खरंच. तो एकटाच एवढ्या मोठ्या जहाजात भटकतो, दाढी वाढते, बारमधल्या त्या यंत्रमानवाशी गप्पा मारत बसतो, हा भाग इतका खरा वाटला की बघवेना. आणि मग वर्षभराने तो काय करतो, तर झोपलेल्या एका मुलीला उठवतो. तिचं अख्खं आयुष्य घेतलं ना त्याने! पुढे सिनेमा त्याची लव्हस्टोरी करून टाकतो आणि सगळं माफ. मला ते पटलं नाही, पटणारही नाही. त्यावर तू म्हणालास, एकटा माणूस दुसरं काय करेल आई, तू काय केलं असतंस. मी लगेच ती मुलगी पोहत असताना वीज जाते आणि वजन जातं तो पाण्याचा सीन काढला आणि भांडण तिकडे वळलं. खरं सांगू का, उत्तर सुचलं नाही म्हणून काढला. पण ते वाक्य तू ज्या आवाजात बोललास ना तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

असो. पाण्याचा सीन. पंख्यासारखं फिरतं जहाज आहे, फिरण्यामुळेच आत माणसांना वजन आहे, हे बरोबर. पण वीज गेली की वजन जातं हे कसं काय? अंतराळात एकदा फिरायला लागलेली वस्तू फिरतच राहते रे, तिला वीज लागत नाही, थांबवायला मात्र लागेल. हे मी तुला सातवीत असताना सायकलचं चाक उलटं धरून दाखवलेलं आहे. तू म्हणतोस हा कीस पाडणं झालं. असेल. माझा हिशोब साधा आहे, एका सिनेमाला एक थाप माफ. 'द मार्शियन'मधलं वादळ मी माफ केलं ना, मंगळावरची हवा आपल्या हवेच्या १ टक्क्याच्या आसपास, त्या वाऱ्याने माणूस उडून जाणं शक्यच नाही, पण ती थाप घेतली नाही तर तो अंतराळवीर तिथे एकटा मागे राहणारच कसा, आणि एकदा राहिल्यावर पुढे बिचारा प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवतो. पॅसेंजर्समध्ये थापा दोन आहेत, आणि दुसरी मोठी आहे, ती म्हणजे मुलीने माफ केलं ही.

एक गंमत लक्षात आली का तुझ्या? या सगळ्या सिनेमांत सगळे झोपलेले असतात. '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये पाचातले तिघं पेटीत झोपलेले आणि संगणक त्यांना झोपेतच मारतो, किंचाळी नाही, झटापट नाही, नुसत्या पडद्यावरच्या रेघा सपाट होतात. १९६८ चा सिनेमा, माणूस चंद्रावर जायच्या आदल्या वर्षीचा, आणि अजूनही खून दाखवायची इतकी थंड पद्धत मी बघितलेली नाही. 'सोलारिस'मध्ये तर माणूस झोपतो आणि उठतो तर मेलेली बायको उशाशी. आणि 'एलियन'! सात माणसं झोपलीयत, जहाजाच्या संगणकाचं नाव मदर, आणि ही मदर कुठल्याशा अनोळखी सिग्नलसाठी पोरांना अर्ध्या वाटेत झोपेतून उठवते आणि राक्षसाच्या तोंडी पाठवते. कसली आई ही. मी असते तर म्हटलं असतं झोपा रे, सिग्नल गेला खड्ड्यात.

सगळी दुनिया झोपलीय बाळ्या आणि माझा मुलगा मंगळवारी रात्री ३ वाजून ४० मिनिटांनी मला मेसेज करतो की 'द एक्स्पान्स'चा चौथा सीझन संपला. १० भाग. मी हिशोब केला, आठ तास तरी गेले असतील, म्हणजे तू संध्याकाळी बसलास तो उठलाच नाहीस, आणि सकाळी कामावर. आणि सहज म्हणून लिहिलंस की तसंही झोप येत नाही हल्ली. 'हल्ली' म्हणजे कधीपासून?

लिहिणार नव्हते, लिहिलं. आता लिहिलंच आहे तर ऐकून घे, स्क्रीनच्या निळसर उजेडाने मेंदूला वाटतं दिवस आहे, झोपेचं हार्मोन तयार व्हायचं लांबतं. अंतराळ स्थानकावर दिवसातून १६ वेळा सूर्य उगवतो, तिथल्या लोकांना वेळापत्रकात साडेआठ तास झोप दिलेली असते तरी ती सरासरी सहाच तासांच्या आसपास होते, म्हणून तिथले जुने दिवे काढून रंग बदलणारे एलईडी बसवलेत, झोपेच्या वेळी निळा कमी करतात. इतक्या हुशार माणसांना झोपेसाठी एवढं करावं लागतं तर तू कोण मोठा लागून गेलास... बरं, सॉरी. वर्ग सुटला. तीस वर्षं खडू हातात धरल्यावर असंच होतं.

तुला आठवतं का, तू सहा-सात वर्षांचा असशील, आपण ओडिसी बघत होतो, जुना डबा टीव्ही होता तेव्हा, आणि तो अंतराळवीर बाहेर असतो, त्याच्या श्वासाचा आवाज येत असतो आणि एकदम सगळं गप्प होतं. तू उठलास आणि टीव्हीला दोन थापटा मारल्यास, आवाज गेला गं आई म्हणून. ताई हसून हसून लोळली. मी सांगितलं की तिथे हवा नाही म्हणून आवाज नाही, टीव्ही ठीक आहे. तू बराच वेळ विचार करून विचारलंस, मग त्याने हाक मारली तर कोणालाच ऐकू येणार नाही? मी म्हणाले नाही, रेडिओ चालू असेल तरच. त्या रात्री तू आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपलास. शाळेत इतकी वर्षं तो काचेच्या बरणीतल्या घंटेचा प्रयोग दाखवला, हवा काढली की घंटा हलताना दिसते पण ऐकू येत नाही, पण हाक मारली तर काय असं कोणत्याही पोराने विचारलं नाही. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये किती वेळा सांगितली असेल, बाबांना विचार. आता तुझं ते नवीन काम नक्की काय आहे ते मला धड सांगता येत नाही तरी सांगतेच सगळ्यांना.

तर एक्स्पान्स. तुझ्यामुळे बघायला लागले आणि तू म्हणतोस ते खरं, अशी सिरीयल दुसरी नाही. जहाज जोरात निघालं की माणसं खुर्चीत चिरडतात, इंजिन बंद झालं की तरंगतात, पृथ्वी-मंगळ बोलायचं तर निरोप पोचायला मिनिटंच्या मिनिटं लागतात म्हणून लोक एकमेकांशी भांडतात तेही रेकॉर्ड करून. (आपल्याला जमेल ते.) तीन सीझननंतर २०१८ मध्ये ती बंद पडली होती, मग दुसऱ्यांनी उचलली, नाहीतर चौथा आलाच नसता. त्यात ती नेओमी नाही का, जन्मभर कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेली, पहिल्यांदा एका ग्रहावर उतरायचं म्हणून औषधं घेते, व्यायाम करते, दुखतंय तरी सगळ्यांना सांगते मी ठीक आहे. आणि शरीर ऐकत नाही, कोसळते, परत वर पाठवावी लागते. तो भाग मी दोनदा बघितला. तू एका रात्रीत दहा भाग बघितलेस तर हा कधी आला आणि कधी गेला ते तरी कळलं का?

'इंटरस्टेलर'मध्ये पण लोक रडतात ते बापाला २३ वर्षांचे निरोप एकदम बघावे लागतात तिथे. मी नाही रडले. आधीच सांगितलंय त्यांनी, त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि गणित त्या किप थॉर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तपासलेलं, ज्याला पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. मला तो दुसरा आठवतो, जहाजात एकटा वाट बघत थांबलेला. तेवीस वर्षं. झोपायची पेटी आहे त्याच्याकडे, थोडा झोपतोही, आणि मग झोपायचं सोडूनच देतो. ग्रहावर उतरलेले दोघं परत येतात तर याची दाढी पिकलेली, आणि तो किती शांतपणे बोलतो त्यांच्याशी. सिनेमा त्याला दोन मिनिटं देतो आणि पुढे जातो. त्याला कोणी विचारत पण नाही की रात्री काय करायचास.

धाकट्या मामाचं नाव मी काढणार नव्हते. पण त्याचंही झोपेपासूनच सुरू झालं होतं आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की परीक्षा जवळ आलीय म्हणून. तू मामा नाहीस, मला माहितीये. चेहरा तेवढा त्याचा आहे. तुला डॉक्टरकडे जायला सांगत नाहीये, म्हणजे गेलास तर चांगलंच आहे, पण आधी मला नुसतं सांग की किती दिवस झाले. मी रागावणार नाही. मी चुकाही काढणार नाही, निदान त्या दिवशी तरी.

पाचवा सीझन मी सुरू केलेला नाही. रविवारी रात्री नऊ वाजता मी इथे लावते, तू तिथे लाव, फोन चालू ठेवू, एक भाग बघायचा आणि बंद करायचं. तू आधीच पुढे गेला असशील तर परत बघ, आणि मला काही सांगू नकोस. मध्यरात्री जाग असेल तर मेसेज नको, फोन कर. बाबांना ऐकू येत नाही रात्रीचं, मला येतं.

आई

ता. क. तो पाण्याचा सीन काल परत बघितला. वजन गेल्यावर पाण्याचा एवढा गोळा होतो आणि ती आत अडकते, पोहायला वर-खाली काही उरतच नाही, ते बरोबर आहे. अंतराळ स्थानकावर पाण्याचे असेच गोळे होतात. तेवढ्यापुरती माघार घेते. जहाज थांबतं ते मात्र चूकच.