शनिवारची बैठक: नर्सिंग, डेंटल हायजीन, रेडिओग्राफीचे प्रवेश

मंडळी, इथल्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) हे कोर्स करू पाहणाऱ्या सभासदांसाठी येत्या शनिवारी सकाळी १०.३० वाजता, मराठी शाळा भरते त्याच हॉलमध्ये बैठक आहे. गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे नर्सिंगला मिळाला, असं नाही. त्याचा अर्ज वेगळा आणि जागा मोजक्या. आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी उरकावं लागतं, बऱ्याच ठिकाणी टीज (TEAS) ही प्रवेश परीक्षाही असते. तेव्हा 'दोन वर्षांचा कोर्स' सहज तीन वर्षांवर जातो. घरी तसंच सांगून ठेवा.

येताना आणा:
- भारतातल्या गुणपत्रिका. तिथलं शिक्षण इथे कशाच्या बरोबरीचं, या मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून थेट प्रत मागवावी लागू शकते, त्यात महिने जातात.
- लसींची नोंद: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस बी. लहानपणीचं कार्ड कुणाला सापडतंय म्हणा! सहसा रक्तातल्या अँटिबॉडीजचा रिपोर्ट चालतो. हेपटायटिस बीच्या तीन डोसांना मात्र सहा महिने लागतात.

टीबीच्या चाचणीबद्दल: आपल्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण असतो, त्यामुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात रुपयाएवढा टणक झाला आणि एक्स-रेसाठी धावपळ झाली. रक्ताची चाचणी चालेल का, ते आधी विचारा.

सीपीआरचा (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचा) कोर्स आत्ताच करू नका, त्याचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं.

एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराला-मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) शिकता येतं, नोकरीला वर्क परमिट लागतं. व्हिसाचे बाकी प्रश्न वकिलाला विचारा, बैठकीत घेणार नाही.