भुसावळच्या आप्पांना जाहीर आभार

तीर्थस्वरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

जुन्या सिनेमांची पोस्टरं जमवणारे आम्ही सगळे नट-नट्यांच्या ओढीनेच या नादाला लागतो. मधुबाला, दिलीपकुमार, जयश्री गडकर. आणि आपल्या खानदेशात तर शिरपूरच्या पाटलांची लेक म्हणून स्मिता पाटील अगदी घरचीच. पण त्या चेहऱ्याखाली कागद असतो, तो बघायला तुम्ही शिकवलंत.

मधुबालाचं ते पोस्टर मी विकत घ्यायच्या बेतात होतो. तुम्ही भिंग काढलंत आणि चेहऱ्यावर नाही, नावाच्या अक्षरांवर धरलंत. मूळ छपाईत हाताने काढलेली अक्षरं भरीव शाईत उतरतात, कडा स्वच्छ असते. इथे अक्षरंसुद्धा बारीक ठिपक्यांची होती, म्हणजे छापील पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलेला माल. मग खालची कड दाखवलीत. १८६७ च्या कायद्याने छापखान्याचं नाव-गाव कागदावर द्यावंच लागे. इथे ती ओळ फुटून वाचता येत नव्हती. माझे पैसे वाचले, पण त्याहून मोठं म्हणजे नजर मिळाली.

भुसावळ जंक्शन, म्हणून वितरकांच्या कचेऱ्या तिथे. तुमची उमेदीची वर्षं तिथेच गेली. रिळांच्या पेट्यांबरोबर पोस्टरांचे गठ्ठे रावेर, पाचोरा, चाळीसगावला रवाना करायचे. भिंतीवर लागलेल्या पोस्टरवर पुढच्या शुक्रवारी दुसरं चढायचं, उरलेली रद्दीत नाहीतर ट्रंकेच्या तळाशी. जुनी पोस्टरं एवढी दुर्मीळ का, हे मला तुमच्या तोंडून कळलं. आणि रद्दीत निघालेला एक गठ्ठा तुम्ही उचलून घरी आणलात, म्हणून तर आज हे लिहायला काही आहे!

त्या गठ्ठ्यातलं जयश्री गडकरांचं पोस्टर घडीवर फाटलं होतं, बरोबर डोळ्यातून. वर चिकटपट्टी लावायची किंवा लॅमिनेशन करून टाकायचं, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला होता. तुम्ही दोन्हींना ठाम नाही म्हणालात. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. आधी ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर टेकवून शाई सुटते का ते पाहिलंत. मग मैद्याची खळ शिजवून मलमलीतून गाळलीत. भिंतीसाठीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालायचात, ते इथे घातलं नाही. तांबं कागदाला खातं, म्हणालात. पाठीमागून पातळ टिश्यूची पट्टी बसवलीत, वर टीपकागद, त्यावर काच. मी पंखा लावायला उठलो तर हात धरून बसवलंत: "कागदले घाई चालत नही, भाऊ." आपल्याकडच्या कोरड्या हवेत खळ भराभर वाळली की कागद आकसतो, म्हणून हे काम पहाटे, खिडक्या लावून. काच उचलली तेव्हा फाट शोधावी लागली.

हे तुम्ही कुठल्या संस्थेत शिकला नव्हतात. भिंतींवर पोस्टरं चिकटवणारा माणूस तीच पोस्टरं जपायलाही इतका जाणतो, हे आमच्यासारख्या जमवणाऱ्यांनी ओळखायला हवं. गावोगाव थिएटरांत काम केलेली अशी वडीलधारी माणसं आहेत. त्यांच्याकडे "पोस्टर आहे का" एवढंच विचारत जाऊ नका, त्यांच्याजवळ बसा.

आप्पा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, त्याचं काही म्हणणं नाही. पण मावशींनी दर वेळी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, त्याबद्दल त्यांनाही माझा नमस्कार सांगा. स्मिता पाटीलच्या दोन पोस्टरांच्या घड्या अजून सोडवायच्या आहेत. उन्हाळा सरला की येतो. टीपकागद मी आणतो, खळ मात्र तुमच्याच हातची.

तुमचाच,
जळगावचा विद्यार्थी