‘तुम्ही बोला, मी आहे इथेच’

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेलच. बाबा, हे पत्र खरं तर तुमच्यासाठी आहे. फोनवर तुम्ही निसटता, कागदावरून निसटता येणार नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण सगळे होतो. दोन-तीन मिनिटं तुम्ही हसत मान डोलावलीत. मग नातीनं काहीतरी विचारलं, तुम्ही ‘छान छान’ म्हणालात आणि ती गोंधळली, कारण तिनं विचारलं होतं, ‘आजोबा, तुमचा चष्मा कुठे आहे?’ त्यानंतर तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही बोला, मी आहे इथेच,’ आणि खुर्ची मागे सरकवलीत. पडद्यावर तुमचा फक्त खांदा उरला.

ते वाक्य मला पाठ आहे. कॉलेजचं पहिलं वर्ष मी त्याच वाक्यावर काढलं.

तुम्हाला वाटायचं, लेक रुळली. पत्रांत मी तसंच लिहायचे. प्रत्यक्षात मधल्या सुट्टीत मुली घोळक्यानं बोलायच्या आणि मी एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांकडे धावत राहायचे. पोचेपर्यंत बोलणं तिसरीकडे गेलेलं असायचं. सगळ्या हसल्या की मी अर्ध्या सेकंदानं हसायचे. तेही जमेनासं झालं तेव्हा ‘तुम्ही बोला, मी येते’ म्हणून लायब्ररीत जाऊन बसायचे. ओठ वाचणं म्हणजे काय, हे लोकांना माहीत नसतं. आरशासमोर आवाज न करता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून बघा. तिन्हींत फरक दिसत नाही. क, ग आणि ह तर घशातच राहतात, ओठांपर्यंत येतच नाहीत. उरलेलं सगळं अंदाजानं भरायचं. संध्याकाळपर्यंत डोकं दुखून यायचं.

आई, रागावू नकोस, पण सांगतेच. कॉलेजला निघताना तू म्हणाली होतीस, ‘केस मोकळे ठेवत जा, मशीन दिसत नाही.’ तू काळजीपोटी बोललीस. पण मी तीन महिने केस बांधले नाहीत, आणि ज्यांना माझ्या कानात ऐकण्याचं मशीन आहे हे माहीतच नव्हतं त्यांनी मला शिष्ट ठरवलं. हाक मारली तरी वळून बघत नाही म्हणे.

पुढे मशीनचं कळलं तेव्हा कॉलेजनं माझा सत्कार केला. ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. मला आणि आणखी तिघांना स्टेजवर बसवलं, हातात पुष्पगुच्छ दिले, अर्धा तास भाषणं झाली. स्पीकर इतका घुमत होता की मला त्यातला एक शब्द कळला नाही. शेजारी बसलेल्या मुलाला दिसत नव्हतं. तो हळूच माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाला, मला तेही ऐकू आलं नाही. मग त्यानं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं: ‘कंटाळा’. त्या दिवशी मी पहिल्यांदा बरोबर वेळेवर हसले.

तो मित्र तुम्हाला आठवत असेल, एकदा घरी येऊन गेला होता. आमची सोय अशी ठरली: ज्या पुस्तकांची ब्रेल प्रत नव्हती ती मी वाचून दाखवायची, आणि वर्गात सर जे बोलत ते तो कॉम्प्युटरवर टाइप करून मला द्यायचा. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, इतक्या वेगात बोलायचा की ज्यांना ऐकू येतं त्यांनाही ते गिरणीच्या घरघरीसारखं वाटायचं. तो मात्र निवांत. मला मिळालेल्या पहिल्या अख्ख्या नोट्स त्याच्या. पुढच्या परीक्षेला निम्मा वर्ग त्याच नोट्सच्या झेरॉक्स काढत होता. वर्गातला एक जण आम्हाला ‘अंधपंगुन्याय’ म्हणायचा, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो तो. यावर माझा मित्र म्हणायचा, ‘पंगू कोण ते आधी ठरवा.’

मला तोंडावर खरं सांगणाराही तोच पहिला. म्हणाला, ‘तू स खातेस.’ इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं. वरच्या पट्टीतले आवाज मला ऐकूच येत नाहीत. जो ‘स’ ऐकला नाही, तो जिभेवर कुठून येणार?

नाटकाच्या गटात मी त्याच्याच आग्रहामुळे गेले. तिथे माझं स्वागत वगैरे कुणी केलं नाही. दिग्दर्शकानं विचारलं, ‘लाइट्स करशील?’ पहिल्याच तालमीत नायक हुंदका आवरायला थांबला, मला वाटलं वाक्य संपलं, आणि मी मिट्ट काळोख करून टाकला. दोन सेकंद शांतता, मग अंधारातून नायकाचा आवाज आला म्हणे, ‘मी मेलो का?’ (हे मला नंतर सांगितलं.) मी निघून जायच्या बेतात होते. दिग्दर्शक संहिता घेऊन माझ्याजवळ बसला आणि आम्ही सगळे क्यू, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या खुणा, बदलले. वाक्यावर नाही, हालचालीवर. नायक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवेल तेव्हा डावा दिवा मंद, नायिका दाराकडे वळेल तेव्हा मागचा निळा. त्याचा परिणाम असा झाला की नटांना हात रोज त्याच क्षणी खुर्चीवर ठेवावा लागला, आणि नाटक घट्ट झालं. पुढच्या वर्षी मी नव्हते तरी क्यू हालचालींवरच होते.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या माणसांना नुसतं एकत्र आणून भागत नाही. बरोबरीचं स्थान लागतं, सगळ्यांचं मिळून एक काम लागतं आणि संस्थेचा पाठिंबा लागतो. मी ते नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की पुष्पगुच्छ हातात असताना मी स्टेजवर असूनही बाहेर होते, आणि स्टेजमागे काळोखात बटणांवर बोटं ठेवून बसले की आत. चूक केली तर शिव्या बसायच्या. त्या शिव्या मला फार आवडायच्या.

लायब्ररीतल्या मॅडमनी मला एकदा वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठावरचा लेख काढून दिला. १८६४ पासून बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी चाललेलं विद्यापीठ, पण १२४ वर्षांत एकही बहिरा अध्यक्ष नाही. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा ऐकू येणाऱ्याच व्यक्तीला, एका बाईंना नेमलं, आणि त्यांना खुणांची भाषाही येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली, मोर्चे काढले. आठवडाभरात त्या बाईंनी राजीनामा दिला आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले. माझ्याच वयाच्या पोरांनी विद्यापीठ थांबवलं होतं, आणि मला ‘सर, फळ्याकडे तोंड करून बोलू नका’ एवढं म्हणायला दीड वर्ष लागलं.

म्हटलं एकदाचं. सर ओशाळले, मग सुधारले, मधूनमधून विसरले. पण तास संपल्यावर मागच्या बाकावरची तीन मुलं येऊन म्हणाली, बरं झालं बोललीस, आम्हालाही काही कळत नव्हतं. त्यांचे कान ठणठणीत होते! जिन्याशेजारचा उतार चाकाच्या खुर्चीसाठी बांधतात आणि बाबागाड्या, सामानाच्या ढकलगाड्या त्यावरूनच जातात, तसंच हे.

आता तुमच्याकडे वळते, बाबा. वयानं ऐकणं कमी होतं तेव्हाही बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ पुसट होतात, स्वर राहतात. म्हणून तुम्ही म्हणता, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ म्हणून दादाचं बोलणं समजतं आणि नातीचं चिवचिवणं समजत नाही. आणि म्हणूनच, आई, ओरडून उपयोग नसतो. स्वर तेवढे मोठे होतात, ‘स’ हरवलेलाच राहतो. वर बाबांना वाटतं, तू चिडलीस.

कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. दुखत नाही, बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मशीन लागलंच तर पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येईल, पेपर उलटला की खडखड होईल, नळ म्हणजे धबधबा वाटेल. तेव्हा काढून कपाटात ठेवू नका. आधी घरात तासभर, मग दोन तास, मग बाहेर. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आणि मशीनमधून शिट्टी वाजली तर घाबरू नका, बहुतेक वेळा मशीनचा साचा कानात नीट बसलेला नसतो. हे सगळं मी सतरा वर्षांची असताना तुम्हीच मला डॉक्टरांसमोर वहीत लिहून घेऊन शिकवलं होतं. ती वही असेल अजून.

मशीन येईपर्यंत तुमच्या फोनमध्ये बोलण्याची अक्षरं दाखवणारी सोय सुरू करायला दादाला सांगितलंय. ती अधूनमधून भलतंच छापते, नातीला त्याची मजाच वाटेल. एका वेळी एकानंच बोलायचं, हा नियम मी सगळ्यांना घालून दिलाय. तुम्ही फक्त ‘काय म्हणालीस?’ एवढं विचारायचं. हवं तितक्या वेळा.

आई, तू कॉलला खिडकीकडे पाठ करून बसतेस. मागून उजेड येतो आणि तुझा चेहरा काळा दिसतो. मला तुझे ओठ वाचता येत नाहीत आणि बाबांना शेजारून तुझं तोंड दिसत नाही. या रविवारी दोघं जागा बदला, खुर्ची भिंतीला लावा.

तुमची,
लेक

ता. क. केस कापलेत. कॉलवर कान दिसतील.